पीपीओतला कोरा रकाना

आईला पक्षाघात झाला तेव्हा दवाखान्याच्या खर्चाची फारशी चिंता नव्हती. बाबा सोलापूर विभागात रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या माघारीही आईला रेल्वे हॉस्पिटल लागू होतं. खरी परीक्षा तिला घरी आणल्यावर सुरू झाली. उजवी बाजू गेलेली, कूस बदलायलाही माणूस लागे. ब्यूरोतून दिवसाची मावशी ठेवली, पुढे रात्रीचीही. दोघींचे पगार, डायपर, एअर बेड, फिजिओथेरपी... आईचं फॅमिली पेन्शन पंधरवड्यातच संपायचं. मेडिक्लेम असता तरी मावशीचा पगार त्यातून निघाला नसता. सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्डही दवाखान्यात दाखल झालात तरच कामाचं. भरवणं, पुसणं, उठवून बसवणं याचा खर्च आपल्याकडे कुणी खर्चात धरत नाही.

अशात शेजारच्या बिल्डिंगमधले काका आले. रेल्वेच्या पर्सोनेल शाखेत त्यांची सगळी नोकरी गेलेली. आईशी दोन शब्द बोलले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनींचा पीपीओ काढ बघू."

पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शन मंजुरीचा कागद. चष्मा कपाळावर सरकवून, तो अगदी डोळ्यांशी धरून ते एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. बोट थांबलं ते पत्नीच्या जन्मतारखेच्या रकान्यावर. रकाना कोरा होता.

"वहिनींना ऐंशी कधी पूर्ण झाली?"

"झाली की केव्हाच."

"मग वीस टक्के कुठायत?"

केंद्राच्या पेन्शनरला ८० वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०. फॅमिली पेन्शनलाही हाच नियम. रेल्वेही त्यात आली. पण जन्मतारीखच नोंदलेली नसेल, तर सरकारच्या लेखी बाई म्हातारी होतच नाही! काकांनी अर्जाचा मसुदा स्वतः लिहिला, पॅन आणि आधारच्या प्रती जोडायला लावल्या आणि "पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही" असा दम भरला. थकबाकीसकट रक्कम जमा झाली.

मग त्यांनी आईचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लावलं. मुख्यतः आपल्यावर अवलंबून असलेल्या अपंग नातलगासाठी जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट होती, अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. तेवढ्या रकमेवरचा कर वाचला. २००७ साली आलेल्या रिव्हर्स मॉर्गेजचा विषयही त्यांनीच काढला. राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, दरमहा रक्कम घ्यायची, हप्ते फेडायचे नाहीत. धाकट्या भावाने नाक मुरडलं. काका शांतपणे म्हणाले, "घर वहिनींचं आहे रे. तुमचं नंतर." तो मार्ग आम्ही घेतला नाही, पण त्या वाक्यानंतर भाऊ दरमहा पैसे पाठवू लागला. माझ्या मते काकांची सर्वांत मोठी मदत हीच.

या सगळ्यातून दोन्ही पाळ्यांचा खर्च भागला असं मुळीच नाही. रात्रीची मावशी मात्र बंद करावी लागली नाही.

काकांनी पेढ्यांचा पुडासुद्धा घेतला नाही. तुमच्या घरात फॅमिली पेन्शन घेणारं कुणी असेल, तर आजच पीपीओ काढा आणि जन्मतारखेचा रकाना तेवढा बघा.