पाळी, सुया आणि हेमलकसा

हेमलकशाच्या प्रवासवर्णनाची वाट बघणाऱ्या मंडळींची आधीच माफी मागते. आलापल्लीनंतरचं जंगल, भामरागडचा नद्यांचा संगम, बिबटे, फोटो, सगळं येईल सावकाश. आज दुसरंच लिहायचंय. मावशी, आत्या आणि समस्त काकू, वाचून झाल्यावर आईला फोन करू नका. तिला मी सांगितलंय.

मला पीसीओएस आहे.

लिहून टाकलं एकदाचं. चोविसाव्या वर्षापासून माझी पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट पट्टा आणि कमी खाऊनही वाढणारं वजन. या आजारात अंडाशयातली अंडी पक्व होता होता मध्येच अडकतात आणि सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखी दिसतात. पण मूळ गोष्ट फक्त अंडाशयाची नाही. पुरुषी संप्रेरकं वाढलेली असतात आणि पुष्कळ जणींत इन्सुलिन नीट काम करत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या दर १०० बायकांमागे १० ते १३ जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो.

मला पत्ता लागला, पण चार मिनिटांत. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, "वजन कमी करा, या गोळ्या घ्या, मूल हवं असेल तेव्हा या." बाहेर आले तेव्हा विचारायचे सगळे प्रश्न पर्समधल्या चिठ्ठीवर तसेच होते. गोळ्या चालू असेपर्यंत पाळी यायची, बंद केल्या की पुन्हा गायब. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तर सासरी दर सणाला माझ्या पोटाकडे बघून विषय निघायचा.

अशात ऑफिसातल्या मैत्रिणीनं ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. इकडे हा काही चोरीछुपे चालणारा प्रकार नव्हे. राज्याचा २०१५ चा कायदा आहे आणि केंद्र सरकारनंही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे. दवाखान्यात भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो. आपले सोलापूरचे, १९३८ साली चीनला गेलेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. नंतर घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की कोटणीस तिथे सुया टोचायला गेलेच नव्हते. ते शल्यचिकित्सक, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. सुयांची विद्या शिकून भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, पुढे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, कलकत्त्याला. असो.

पहिल्या दिवशी त्या बाईंनी मला पन्नास मिनिटं दिली. जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली. झोप, भूक, राग, पाय गार पडतात का, पाळीचा रंग कसा, सगळं विचारलं. चिनी वैद्यकानुसार माझ्या शरीरात ओलसर कफ साठलाय म्हणाल्या. आजीचं वात-कफाचं बोलणं आठवून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मग घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर एक सुई, गुडघ्याखाली एक, बेंबीखाली दोन. दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग जड जड वाटतं. पडल्या पडल्या डोळ्यांतून पाणी आलं. सुयांमुळे नव्हे. इतकं सगळं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आठवड्यातून दोनदा, चार महिने गेले. तिसऱ्या महिन्यात चौतिसाव्या दिवशी पाळी आली! मी बाथरूममध्येच नाचले. सोबत तपकिरी पुड्या होत्या, त्यावर चिनी अक्षरं. "यात काय आहे?" विचारलं तर "नैसर्गिक आहे" एवढंच उत्तर. मी घेतल्या. डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद केल्या आणि रक्ताची तपासणी पुढे ढकलली. पाळी येतेय ना, मग झालं!

याच सुमारास हेमलकशाला जाणं झालं. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेच. दवाखान्याच्या आवारात कितीतरी बायका बसलेल्या होत्या, काही लांबच्या पाड्यांवरून चालत आलेल्या. दुसऱ्या दिवशी सोबतच्या माडिया ताईबरोबर जवळच्या एका गावात गेलो. गावाच्या कडेला एक बुटकी झोपडी दिसली. मी विचारलं, "हे काय?"

"कुर्मा घर," ताई म्हणाली. पाळीच्या दिवसांत बायका तिथे राहतात. आत वाकून बघितलं. अंधार, ओली जमीन, एक चूल. पावसाळ्यात इथे साप-विंचवांत कसं राहायचं, या विचारानं अंगावर काटा आला. मला त्या प्रथेचं गुणगान मुळीच करायचं नाही. पण ताईनं सहज जे सांगितलं ते डोक्यातून जाईना. कोण कधी आली, कोण दोन महिने आलीच नाही, हे सगळ्या बायकांना माहीत असतं म्हणे. मग तिनं मलाच विचारलं, "तुझी वेळेवर येते?"

मी नेहमीसारखं "हो" म्हणाले. इतक्या लांब येऊनसुद्धा खोटं!

परतीच्या प्रवासात गडचिरोलीतल्याच एका जुन्या अभ्यासाबद्दल वाचलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुर्मा घर असलेल्या जिल्ह्यात पाळी सगळ्यांना दिसत होती आणि आजार कुणालाच नाही. पुण्यात राहून माझं तरी काय वेगळं होतं?

मग धीर करून सुयांबद्दलही वाचलं. चीनमध्येच पीसीओएस असलेल्या १००० बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१७ साली 'जामा'मध्ये आली. क्लोमिफिन ही गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्के जणींना मूल झालं, न घेणाऱ्यांपैकी १५ टक्के. खऱ्या सुया टोचलेल्यांत २१.८ टक्के आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत २२.४. म्हणजे मूल होण्यापुरता खऱ्या सुईचा काही उपयोग दिसला नाही. आणि पुड्यांचं? बेल्जियममध्ये १९९३ साली वजन कमी करायच्या चिनी औषधात एका वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं उघडकीला आलं. तीही नैसर्गिकच होती.

राग आला, पण त्या बाईंचा नाही. त्या चार महिन्यांत मी रोज संध्याकाळी चालत होते, वेळेवर झोपत होते, सहा किलो उतरले होते. पाळी कशानं आली ते मला कधीच कळणार नाही. त्या पन्नास मिनिटांचं श्रेय मात्र त्यांचंच. फक्त ऐकून घेणं म्हणजे उपचार पूर्ण झाला असं मी धरून चालले, ती चूक माझी.

पुड्या टाकून दिल्या. दुसऱ्या डॉक्टर शोधल्या, चिठ्ठी हातात धरूनच आत गेले आणि सगळं वाचून संपेपर्यंत उठले नाही. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आली, साखर मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सुयांच्या नादात आणखी वर्ष काढलं असतं तर? पाळी तीन-तीन महिने न येणं गर्भाशयाच्या अस्तरासाठीही बरं नसतं, हेही तेव्हाच कळलं. आता गोळ्या नियमित चालू आहेत, चालणंही. मुलाचं बघू. तो प्रश्न आता नवऱ्याचाही आहे, हे त्यालाही सांगून झालंय.

आणि आई? तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही असंच व्हायचं गं. तू सहा वर्षांनी झालीस ती काय उगीच?"

इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

पूर्वी मी तारखा डायरीच्या मागच्या पानावर खुणेनं लिहायचे. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल गोल करते. सासूबाईंनी परवा बघितला. काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या महिन्यात विचारतील बहुतेक. विचारलं तर खरं सांगेन.