हाताला रस्ता कळला पाहिजे

जुनी जीप शिकवणारा माणूस आमच्याकडे क्लच-ब्रेकच्याही आधी अंगठ्याचं सांगायचा. अंगठे स्टेअरिंगच्या आत घालायचे नाहीत, बाहेरून कडेवर ठेवायचे. काळ्या रानातली वाट पावसाळ्यानंतर वाळली की चाकोऱ्या टणक होतात. पुढचं चाक अशा चाकोरीच्या काठावर आपटलं की स्टेअरिंग आपोआप गर्रकन फिरतं आणि मधली दांडी अंगठ्यावर बसते. असे अंगठे मोडलेले लोक बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात भेटतील.

केजला माझं गॅरेज आहे. जुन्या जीपांना पॉवर स्टेअरिंग बसवून देणं हे काम गेल्या काही वर्षांत वाढलं आहे. अलीकडे एक निवृत्त गुरुजी आले. म्हणाले, "मिस्तरी, खांदा वर जात नाही. रानात गाडी वळवायची म्हटलं की पोराला हाक मारावी लागती. पण गाडी इकायची नाही मला." त्यांची गाडी उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. विलिस कंपनीने अमेरिकेत १९५३ साली आणलेलं हे मॉडेल. तिकडे ते १९६८ ला थांबलं, इकडे महिंद्राने त्याच घडणीवर पुढे कितीतरी वर्षं गाड्या काढल्या. मराठवाड्यात या जीपांनी माणसं, कापूस, लग्नाची वऱ्हाडं, निवडणुकीचे भोंगे, सगळं वाहिलं. अशी गाडी विकायची नाही म्हणणाऱ्या माणसाचं मला लगेच पटतं.

मूळ जीप खरं तर इतकी जड नव्हती. तिला ६.००-१६ चे अरुंद टायर असायचे. ते गेले आणि रुबाबासाठी रुंद टायर आले. उभ्या गाडीचं चाक वळवताना टायरचा जमिनीला टेकलेला सगळा भाग घासत फिरतो. टायर जितका रुंद आणि हवा जितकी कमी, तितका हातावर भार. म्हणून गाडी आली की मी आधी टायर बघतो, हवा मोजतो. काही गाड्यांचं काम तिथंच निम्मं होतं.

पॉवर स्टेअरिंग तसं जुनं. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने १९२६ साली पियर्स-ॲरो गाडीवर ते चालवून दाखवलं होतं. विकत मिळणाऱ्या मोटारीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इंपीरियलला. स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये एक बारीक पोलादी दांडी असते. आपण स्टेअरिंग फिरवलं आणि चाकांनी विरोध केला की ती दांडी किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळानं झडपेची तोंडं उघडतात आणि पंपातून दाबानं आलेलं तेल पिस्टनला त्याच बाजूनं ढकलतं. हात सैल सोडला की पीळ सुटतो, मदत थांबते. ड्रायव्हर जेवढं मागेल तेवढंच तेल देतं. या रचनेबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

पण ज्या गाडीचं स्टेअरिंग मुळातच बिघडलेलं आहे, तिला पॉवर बसवू नये. जुन्या जीपमध्ये बॉक्सपासून चाकापर्यंत हालचाल जाते ती ड्रॅग लिंकमधून मधल्या बेलक्रँकला आणि तिथून दोन टाय रॉडना. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज होते, आणि स्टेअरिंगला दोन-तीन बोटं प्ले येतो. किंग पिनचे बेअरिंग सुकलेले असतात. पाट्यांचे बुश खाऊन गेलेले असतात. जड स्टेअरिंग हे सगळं ड्रायव्हरला सांगत असतं. खडखड हातात येते, गाडी ओढते, तो सावध होतो. वरून पॉवर चढवली की ही तक्रार दबते आणि झीज तशीच चालू राहते. म्हणून गुरुजींच्या गाडीचे मी आधी किंग पिनचे बेअरिंग बदलले, बेलक्रँक काढून टाकला आणि दोन चाकांना जोडणारा एकच लांब टाय रॉड घातला.

नवा बॉक्स बहुतेक वेळा बोलेरोचा. तो कुठं बसवायचा, यात सगळी अक्कल लागते. बॉक्समधून निघणाऱ्या ड्रॉप आर्मची दिशा चुकली तर स्टेअरिंग उजवीकडे आणि चाकं डावीकडे, असंही होऊ शकतं. दिशा बरोबर असली तरी ड्रॅग लिंक तिरका बसला तर पाटा दबला की चाक आपोआप वळतं. खड्ड्यागणिक गाडी मान टाकते. बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य जुळवायचा असतो. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजायचे, निम्म्यावर आणायचं, चाकं सरळ ठेवायची आणि मगच ड्रॉप आर्म चढवायचा. चेसिसचं तर विचारूच नका. तेलाचा सगळा जोर शेवटी त्या जुन्या पत्र्यावरच येतो. आतून-बाहेरून जाड पट्टी लावून, आरपार नळ्या घालून बोल्ट कसले नाहीत, तर बोल्टच्या भोकापासून तडा निघतो.

पंपाची पुली इंजिनच्या पुलीच्या ओळीत हवी, नाहीतर पट्टा टिकत नाही. दाबाचा पाईप कारखान्यात क्रिंप केलेलाच हवा. आतला दाब ८० ते १०० बारपर्यंत जातो, तिथं रबरी नळी आणि क्लिप असला जुगाड मी माझ्या दारात चालू देत नाही. फुल कट मारल्यावर बॉक्सच्या टोकाला लागण्याआधी चाकांचे स्टॉप लागले पाहिजेत. नाहीतर पंप सगळ्या ताकदीनिशी अडून राहतो आणि तेल तापतं.

मग हवा काढायची. हे काम मी पोरांवर सोडत नाही. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, डब्यात लाल एटीएफ तेल. एकाने स्टेअरिंग सावकाश या टोकाहून त्या टोकाला न्यायचं, दुसऱ्याने डब्यात बघत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक. तेल दुधाळ गुलाबी दिसलं की थांबायचं, ते स्वच्छ होईपर्यंत हात लावायचा नाही. घाईनं इंजिन चालू केलं तर फेस होतो, पंप रडायला लागतो आणि स्टेअरिंग हाताला झटके देतं.

गुरुजींना शेजारी बसवून मी नेकनूरवरून मांजरसुंब्याला गेलो आणि घाट उतरून पालीपर्यंत. वळणातून बाहेर पडताना हात ढिला सोडला, पण स्टेअरिंग सावकाशच सरळ झालं. हे अपेक्षितच होतं. या जीपांचा कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, कंपनीने तीन अंशांच्या आसपास ठेवलेला असतो, हातानं वळवायला हलकं जावं म्हणून. पॉवर आली की ती गरज उरत नाही. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पोलादी पाचर घालून मी कॅस्टर वाढवला. आता वळण संपलं की चाकं आपली आपण सरळ येतात, आणि सरळ रस्त्यावर हाताला थोडं वजन लागतं. ते वजन मला हवंच असतं. परत येताना गुरुजींनी गाडी घेतली. नेकनूरच्या बाजारातून काढताना ते काहीच बोलले नाहीत, केजला आल्यावर म्हणाले, "खडी लागली की कळतं अजून."

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि जुने ट्रॅक्टर माझ्याकडे यायला लागतात. दोन ट्रॉल्या जोडून रात्र-रात्र कारखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या ड्रायव्हरला पॉवर स्टेअरिंग ही चैन नाही, त्याचे खांदे आणि मनगटं त्यावर टिकतात. पण त्यालाही सांगावं लागतं की माल जास्त भरला आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं झालं, तर चाकं कितीही वळोत, गाडी वळणार नाही. यावर कुठल्याच पंपाचा इलाज नाही.

जुना बॉक्स मी मालकाला परत देतो, ग्रीस भरून, पोत्यात बांधून. मूळ भोकं बुजवत नाही, मूळ कॉलम कापत नाही. उद्या कुणाला गाडी होती तशी करावी वाटली तर करता आली पाहिजे. बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाला समजावतो आणि आरटीओत विचारून यायला सांगतो.

परवा अंबाजोगाईहून एक पोरगा आला होता. त्याला एका बोटावर फिरणारं स्टेअरिंग पाहिजे. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवत होता. मी त्याच्या गाडीचं पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं आणि त्यालाही हलवायला लावलं. खडखड त्यानं हातानं पाहिली. त्याला किंग पिन, टाय रॉडचे एंड आणि बुश एवढं लिहून दिलंय. ते झाल्यावर पॉवरचं बघू म्हणालो. पुढच्या महिन्यात गाडी आणतो म्हणालाय.