मुलामागून आलेली प्रीती

प्रीती आधी, मूल मागाहून, हा संसाराचा रूढ क्रम. १९३९ सालच्या ‘बॅचलर मदर’ या अमेरिकन बोलपटात तो उलटा झालेला आहे. म्हणूनच तो बोलपट आम्हांस पुनःपुन्हा पाहावासा वाटतो. दुकानात खेळणी विकणारी पॉली अनाथालयाच्या पायरीवरचे मूल उचलते, आणि जग तिलाच त्याची आई ठरविते. मालकाचा मुलगा डेव्हिड तिची गेलेली नोकरी तिला परत देतो, ती त्या मुलासाठी. पुढे तर पुस्तक उघडून मुलास भरवावे कसे, हेही तिला शिकवू लागतो! मूल आपले नव्हे, हे तिचे सांगणे त्याला अखेरपर्यंत पटत नाही. तरीही तो दोघांचा स्वीकार करतो. आमच्या सुशिक्षित मंडळींपैकी कितीजण या कसोटीस उतरतील?