उगमाच्या दिशेने

रोड बाइकला, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने आणि दूरवर जाण्यासाठी घडवलेल्या हलक्या सायकलीला, स्टँड नसतो, कॅरियर नसते आणि बहुधा मडगार्डही नसते. दळणाचा डबा, दुधाची किटली किंवा शाळेला निघालेले मूल यांपैकी कशाचाही विचार तिच्या घडणीत झालेला नाही. चाळिशी ओलांडून पुन्हा सायकलीकडे वळणाऱ्या अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला आधी हेच जाणवते, कारण त्याच्या लहानपणीची सायकल घरादाराचे ओझे वाहत असे.

ती सायकल कामगाराची होती. अंबरनाथचा विमको हा आगपेट्यांचा कारखाना, तिथलीच ऑर्डनन्स फॅक्टरी, उल्हासनगरच्या सीमेवरचे सेंच्युरी रेयॉन, यांच्या पाळ्यांवर कित्येक घरांचे दिवस बेतलेले असत आणि रात्रपाळी करून वडील दुपारी झोपले, की भिंतीला टेकलेली ती उंच, काळी सायकल मुलांच्या हाती येई. सीटवर बसण्याइतकी उंची नसल्याने मूल कैची मारी: डावीकडे उभे राहून, उजवा पाय आडव्या दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर टाकायचा, डाव्या हाताने हँडल धरायचे, उजव्या हाताने दांडीला विळखा घालायचा आणि अर्धे-अर्धे पायडल मारत, अंग एका बाजूला कलते ठेवून पुढे सरकायचे. कैचीतून दांडीवर आणि दांडीवरून सीटवर जाण्यात मुलाची उंची वाढण्याइतका काळ जाई. आधी तोल आणि फार नंतर आसन, हा त्या शिक्षणाचा क्रम मागच्या चाकाला दोन लहान चाके जोडून दिलेल्या आजच्या शिक्षणापेक्षा निःसंशय सरस होता. ज्याला कैची साधली, त्याचे शरीर तोल कधी विसरत नाही.

नव्या सायकलीवर शिकायचे उरते ते गिअरांचे गणित. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चक्राला २८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर सरकते. ५० आणि ११ दात्यांच्या जोडीवर तीच साडेनऊ मीटर जाते. पहिली जोडी चढाची, दुसरी उताराची किंवा पाठवाऱ्याची. आणि त्यामुळे कोणता रस्ता किती चढतो, हे पायांना कळू लागते. लोकलने रोज जाणाऱ्याला बदलापूर, वांगणी, नेरळ ही क्रमाने येणारी स्थानके असतात; सायकलस्वाराला मात्र उमगते, की राजमाचीजवळ उगम पावून कर्जत, बदलापूर आणि कल्याणमार्गे वसईच्या खाडीकडे जाणाऱ्या उल्हास नदीच्या प्रवाहाविरुद्ध आपण निघालो आहोत आणि सह्याद्री हळूहळू जवळ येतो आहे.

कर्जतला हा सौम्य चढ संपतो आणि खरा घाट समोर उभा राहतो. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतमध्ये मागून बँकर, म्हणजे गाडीला वर रेटणारी जादा इंजिने, जोडण्याची पद्धत पडली आणि त्या थांब्याने दिवाडकरांच्या वड्याला कीर्ती मिळवून दिली. तो वडा कोरड्या लाल चटणीबरोबर, गरम असतानाच खावा.