पाणपाखरांचे कोरडे अंथरूण

केरळातील कुट्टनाडात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशास पहिले नवल वाटते ते तेथील जमिनीचे. येथे पाणी वर आणि शेत खाली! पंपा, मणिमला, अच्चनकोविल व मीनच्चिल या नद्या जेथे वेंबनाड सरोवरास मिळतात, तेथे माणसाने बांध घालून, पाणी उपसून भातशेते निर्माण केली. त्यांतील कित्येक समुद्रसपाटीच्या खाली आहेत. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीचा जागतिक कृषिवारसा म्हणून गौरव केला. आम्ही मात्र तेथे गेलो ते बदके पाहावयास. आमच्या बेळगावकडे अलीकडे काही मराठी घरांच्या परसात दोनचार बदके दिसू लागली आहेत, आणि पालकसभेतही एखादी माउली हळूच विचारते, ‘गुरुजी, पिल्लांच्या खाली अंथरावे तरी काय?’

आलप्पुळाच्या धक्क्यावरून सरकारी बोटीने आम्ही निघालो. भाताची कापणी नुकतीच आटोपली होती. अशा शेतांत येथील राखणदार बदकांचे थवे सोडतात. चारा आणि चेंबल्ली या तेथल्या देशी जाती. सांडलेले दाणे, गोगलगाई, किडे यांवर त्यांचे पोट भरते आणि शेतास खतही मिळते. दिवस मावळला की काठीच्या इशाऱ्यावर सारा थवा बांधावरच्या कुंपणात शिरतो.

त्या कुंपणाची जागा आम्ही मुद्दाम न्याहाळली. चहूकडे पाणीच पाणी, परंतु रात्रीच्या मुक्कामासाठी निवडलेली भूमी उंच व निचऱ्याची! जन्मभर पाण्यात वावरणाऱ्या पाखराला रात्री कोरडी जागा हवी, हे त्या राखणदारांनी पुरते ओळखले आहे. आपली गफलत होते ती नेमकी येथेच. बदक पाण्यातले, मग त्याला ओल कसली बाधणार, असे आपण समजतो.

वस्तुतः बदकाच्या विष्ठेत सुमारे नव्वद टक्के पाणी असते. शिवाय पिताना ते चोच बुडवून पाणी सांडते. अंथरूण ओले राहिले की त्यातून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, डोळे चुरचुरतात आणि मऊ तळव्यांना जखमा होतात. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. ती चिखलात माखतात. सर्वांत घातक म्हणजे बुरशी. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत शिरले की पिल्ले धापा टाकू लागतात, आणि मग उपचार फारसे लागू पडत नाहीत.

आता निवड कशी करावी? रंध्यातून निघणारी जाड, कोरडी लाकडी सालपटे उत्तम. मात्र औषध चोपडलेल्या अथवा रंगीत लाकडाची नकोत. करवतीचा बारीक भुसा टाळावा. तो नाकात जातो आणि पिल्ले तो खातातही. खानापूरच्या बाजूस भाताचा पेंढा विपुल मिळतो. तो कोरडा, सोनेरी व बोटभर लांबीचा कापलेला असावा. भाताचे तूस स्वस्त, पण पाणी फारसे शोषत नाही. म्हणून त्याचा थर पेंढ्याखाली घालावा. वर्तमानपत्र गुळगुळीत, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात.

भुईमुगाची टरफले मात्र दमट हवेत टाळावीत. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. बदकांची पिल्लेही मेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला फारच हळवे असते.

थर चार बोटे जाड ठेवावा. पाण्याचे भांडे जाळीवर, खाली पसरट ताटली ठेवून मांडावे. रोज सकाळी मूठभर अंथरूण दाबून पाहावे. हात ओलसर झाला की ते बदलावे. साठा झाकलेला ठेवावा, कारण रानपाखरांच्या विष्ठेतून रोग येतात. २०१४च्या नोव्हेंबरात याच कुट्टनाडात बर्ड फ्लू आला आणि फार मोठ्या संख्येने बदके मारावी लागली. म्हणून अचानक पक्षी दगावू लागले तर उघड्या हातांनी शिवू नये. पशुवैद्यास तत्काळ कळवावे.

मुलांनी आणलेले पिल्लू घरात आले की त्याचे आरोग्य ही साऱ्या घराची जबाबदारी होते. तळ्याची सोय नसली तरी चालेल. चोच बुडेल एवढे पाणी आणि अंग टेकावयास कोरडी जागा, एवढे तरी आपण त्याला द्यावयासच हवे.