उतरण्याची तयारी

हैदराबादच्या नल्लकुंट्यात डोंगर नाही. तेलुगूत या नावाचा अर्थच काळं तळं. तरीही दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या भागातले चार-सहा मराठी लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, यंदा कळसूबाई करायचीच. आणि मी त्यांना आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यावर उभं करतो.

हिशेब सोपा आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंत जवळपास ९०० मीटर उंची चढावी लागते. आमचा जिना तळापासून गच्चीपर्यंत १५ मीटर. म्हणजे ६० वेळा गच्ची गाठली की एक कळसूबाई झाली. एका दिवसात ६० फेऱ्या मी कुणालाच करायला लावत नाही. पाच फेऱ्यांपासून सुरुवात करून दोन महिन्यांत वीसपर्यंत नेतो, तेही पाठीवर ओझं घेऊन. ओझं पाण्याच्या बाटल्यांचं. गुडघा कुरकुरला तर गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून हलकं होता येतं.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवडाभर नेमाने जिना चढत होत्या. वय अठ्ठावन्न, दम चांगला. एकदा सकाळी पाहिलं तर त्या गच्चीवर पोचून लिफ्टचं बटण दाबत होत्या.

“काकू, खाली लिफ्टने?”

“अहो भाऊ, चढायचाच तर सराव करायचाय ना? उतरायला काय लागतं!”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलं आहे. एके काळी मीही तेच म्हणायचो. पहिल्या कळसूबाईला मी सगळ्यांच्या पुढे माथ्यावर होतो. देवीचं दर्शन झालं, डबा खाल्ला आणि परत निघालो. लोखंडी शिड्यांच्या शेवटच्या टप्प्यावर मांड्या थरथरायला लागल्या. पाय ठेवीन तिथे ठरेना. बारीत पोचेपर्यंत अंधार पडला आणि पुढचे तीन दिवस कमोडवर बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

चढताना दम लागतो, आणि दम माणसाला थांबवतो. उतरताना दम लागत नाही म्हणून माणूस थांबत नाही. पण प्रत्येक पावलाला सगळा भार मांडीचा पुढचा स्नायू झेलत असतो. तो ताणला जात असतानाच ब्रेकसारखा आवळलेला राहतो. त्याला ती सवय नसेल तर तंतूंना बारीक इजा होते आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चांगली गोष्ट अशी, की हा स्नायू लवकर शिकतो. उतरण्याचा एकदा नीट सराव झाला की पुढचे काही आठवडे तो तेवढा दुखत नाही.

जिना झाला की भुवनगिरीचा किल्ला. हैदराबादपासून साधारण ५० किलोमीटरवर एकच एक अखंड खडक. निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा याच खडकावर चढायला शिकली आणि २५ मे २०१४ रोजी, चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, एव्हरेस्टवर उभी राहिली. आम्ही तिथे उजाडताच पोचतो, कारण उन्हं वर आली की दगड तापतो. तिथेही माझा सगळा जोर उतरण्यावर. भीतीने माणूस मागे रेलतो, टाच टेकवतो आणि नेमका तिथेच घसरतो. अंग किंचित पुढे, गुडघे थोडे वाकलेले, पूर्ण तळवा खडकाला टेकलेला आणि पावलं लहान. काकूंना हे जमायला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझा हात सोडला.

हिमालयात जाणाऱ्यांचं वेगळं. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होत जाते, आणि तिचा सराव हैदराबादेत कुठल्याच जिन्यावर होत नाही. तिथे वेगाचा हट्ट सोडायचा, हळू चढायचं आणि मुक्काम वाढवायचे.

निघण्याआधी बूट मी स्वतः तपासतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नखं तीन-चार दिवस आधी कापलेली हवीत. माथ्यावरून निघताना खाली बसून नाडी पुन्हा बांधायची: टाच मागे दाबून, घोट्यापाशी घट्ट. एवढं केलं नाही तर पाय पुढे सरकतो आणि घरी येईपर्यंत अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं असतं.

काकू डिसेंबरात कळसूबाईला जाऊन आल्या. शिड्या त्यांनी शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी मोजत उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची पिशवी घेऊन त्या जिन्यानेच खाली आल्या.

तुम्हीही यंदा डोंगराची तयारी करत असाल, तर उद्या सकाळी लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या.