आठ कळा, एक तार

'बिनतारी' हा शब्द वस्तूचे वर्णन तिच्यात जे नाही त्यावरून करतो. बिनतारी म्हणजे जिला तार नाही ती. पोलिसांच्या बिनतारी विभागाच्या पाटीवर आणि जुन्या युद्धवार्तांमध्ये हा शब्द टिकून राहिला. घरात मात्र तो कधी आलाच नाही. घरात आला तो 'रिमोट'. या शब्दाचीही एक गंमत आहे. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या डब्यातून जे हातात धरायचे यंत्र निघे, त्याला आम्ही सगळी मुले 'रिमोट' म्हणत असू. आणि त्याला चांगली हातभर तार असे. दूरत्व नावापुरते, प्रत्यक्षात बांधलेपण. ज्या वस्तूला तार होती तिलाच आम्ही दूरनियंत्रक म्हणत होतो. भाषा वस्तूच्या पुढे धावते की मागे रखडते, हा प्रश्न वर्गात अनेकदा चर्चिला जातो. आम्हांला त्याचे उत्तर या एका शब्दात, निदान त्या वस्तूपुरते, सापडते: भाषा पुढे गेली होती, वस्तू नंतर आली.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणले. आपल्याकडे बहुतेक घरांत ते मूळ रूपात आलेच नाही. आल्या त्या त्याच्या नकला. मीडिया, लिटल मास्टर अशी त्यांची नावे. खेळाच्या चौकोनी डबीला 'कॅसेट' म्हणत, एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे, आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत. साहित्याच्या अभ्यासकाने यावर नाक मुरडू नये. हस्तलिखितांच्या नकलांतूनच ज्या भाषेचा निम्मा वारसा आपल्यापर्यंत पोहोचला, तिच्या अध्यापकांनी तर नक्कीच नाही. पाठभेदांसह मिळालेली संहिता हीच अनेकांसाठी एकमेव संहिता असते.

आम्ही दोघे मराठी शिकवतो आणि कर्वेनगरात राहतो. आमच्यापैकी एकीचे बालपणही येथेच गेले. तेव्हा या भागाला हिंगणे म्हणणारी वडीलधारी माणसे भरपूर होती. महर्षी कर्व्यांनी १९०० साली येथल्या माळावर झोपडी उभारली ही गोष्ट ती माणसे कालच घडल्यासारखी सांगत. त्या घरात असे एक यंत्र होते, आणि त्याच्यामुळे बैठकीच्या खोलीचा भूगोल ठरत असे. तार आखूड, म्हणून यंत्र दूरदर्शन संचापासून पुढे ओढून फरशीवर ठेवायचे, आणि त्याच्याभोवती सतरंजीवर कोंडाळे करून बसायचे. खेळणारे दोन, सल्ला देणारे चार. पहिला 'रिमोट' थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. दुसऱ्यावर खेळ सुरू करण्याची आणि थांबवण्याची कळच नसे. ही काही नकलेतली काटकसर नव्हे. मूळ जपानी यंत्रातही दुसऱ्या नियंत्रकावर त्या दोन कळा नव्हत्या, त्यांच्या जागी एक छोटा ध्वनिग्राहक होता. म्हणजे धाकट्याला बोलण्याची मुभा होती, थांबवण्याचा अधिकार नव्हता! एकत्र कुटुंबाचे याहून नेमके रेखाटन फारच थोड्या कथांत सापडेल.

त्या घरातले वडील, म्हणजे आप्पा, परीक्षा जवळ आली की यंत्राला हात लावत नसत. ते दोन्ही 'रिमोट' तेवढे उपसून कपाटात कुलूपबंद करीत. यंत्र समोर, कॅसेट समोर, पडदा समोर. पण हात नाही. शिस्तीची ही पद्धत आम्हांला आजही विलक्षण सुज्ञ वाटते.

तो हात यंत्राशी कसा बोलतो, हे समजून घेण्यासारखे आहे. नियंत्रकावर आठ कळा: चार दिशा, दोन कृतीच्या, एक निवडीची, एक आरंभाची. आठ कळांना आठ तारा लागतील असे वाटते. पण तारेच्या वेष्टनात धागे पाचच. दोन विजेचे, दोन इशाऱ्याचे, आणि बातमी नेणारी तार एकच. यंत्र आपल्याकडच्या चित्रपद्धतीत सेकंदाला साधारण पन्नास वेळा इशारा देते: 'आता सांग.' त्या क्षणी कोणत्या कळा दाबलेल्या आहेत याची नोंद नियंत्रकातली एक लहानशी चकती करून ठेवते, आणि मग पुढच्या ठोक्यांवर एकेक करून, ठरलेल्या क्रमाने, आठही कळांची हकिगत त्या एका तारेवरून सोडते. आठ मात्रांचे आवर्तनच ते. कोणती मात्रा भरलेली, कोणती रिकामी, एवढ्यावरून यंत्राला कळते की माणसाने उडी मारली की गोळी झाडली. छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये: क्रम ठरला की नावाची गरज उरत नाही, जागाच अर्थ सांगते.

तार तोडण्याची हौसही या यंत्रांइतकीच जुनी आहे. १९८३ सालीच अटारी कंपनीने आपल्या यंत्रासाठी रेडिओलहरींवर चालणाऱ्या जॉयस्टिक विकायला काढल्या. त्यांचा तळभाग चांगलाच बोजड होता. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत अवरक्त किरणांवर चालणारे नियंत्रक आले, दूरदर्शनच्या रिमोटच्याच जातीचे. त्यांचा स्वभाव हट्टी. समोरासमोर नजर हवी. मध्ये कोणी आले की संवाद तुटला. २००२ साली निन्टेन्डोने 'वेव्हबर्ड' नावाचा नियंत्रक आणला तेव्हा कुठे ही विद्या वयात आली. तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चाले, भिंतीकडे तोंड करून बसले तरी त्याचे बोलणे पोहोचे, आणि खोलीत अनेक जण असले तर प्रत्येकाने आपली वाहिनी निवडावी म्हणून त्याच्यावर सोळा आकड्यांची चकती होती. त्या बदल्यात त्याने एक गोष्ट सोडली: हातातली थरथर. तारेच्या नियंत्रकात धक्का बसला की तळहाताला कंप जाणवे; पेन्सिल सेलवर ती चैन परवडणारी नव्हती. तार गेली तेव्हा स्पर्शाचा एक भाग तिच्याबरोबर गेला.

इथपर्यंतचे वाचून कोणीही साहित्यप्रेमी पुढचे वाक्य स्वतःच लिहील: तार तुटली आणि माणसे दूर गेली, सतरंजीवरचे कोंडाळे विस्कटले, प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात एकटा. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या ललित लेखनात हा सूर इतक्या वेळा लागला आहे की तो आता विचार न करताही लावता येतो. आम्हीही तो लावला असता. पण आमच्या घरात नेमके उलटे घडले, आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

२०२१ साली आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा बरीचशी परतली, उजव्या हाताची बोटे मात्र ऐकेनाशी झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी चेंडू दाबायला दिला, मटार निवडायला सांगितले. आप्पांनी दोन्ही गोष्टी चार दिवस केल्या आणि सोडल्या. आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिने माळ्यावरचा तो डबा खाली काढला. तिच्या पिढीच्या नियंत्रकांवर डझनाहून अधिक कळा आणि दोन दांडे. ते आप्पांना जमणे शक्य नव्हते. या जुन्यावर मात्र दिशेची फुली डाव्या अंगठ्याखाली, आणि उजव्याने दाबायची कळ एकच पुरे, कारण त्यांनी निवडलेला खेळ होता 'बॅटल सिटी', आपल्याकडे ज्याला सगळे नुसते 'टँक' म्हणत. नॅमको कंपनीचा १९८५ चा हा खेळ. दोघांनी मिळून विटांच्या तटबंदीतले ठाणे राखायचे. दिशा आणि गोळी, बस्स.

अडचण एकच: सतरंजी. आप्पांना जमिनीवर बसता येत नव्हते, आणि तार खुर्चीपर्यंत पोहोचत नव्हती. मस्कतहून एका मामांनी कधीकाळी आणलेली अवरक्त नियंत्रकांची जोडी त्याच डब्यात होती. ती सकाळी चाले. दुपारी चारनंतर गॅलरीतून पश्चिमेचे ऊन आत आले की मुकी होई. उन्हातही अवरक्त किरण असतातच, आणि त्यांच्या गदारोळात त्या बिचाऱ्या दिव्याचा आवाज यंत्राला ऐकू येत नसे. आप्पांना पडदा ओढलेली खोली सहन होत नाही. तेव्हा खेळ किंवा ऊन, असा पेच.

आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. आता जुन्या यंत्रांसाठी ब्लूटूथचे छोटे ग्राहक मिळतात. पण ते सात टाचण्यांच्या खाचेसाठी बनलेले, आणि आमच्या नकलेची खाच नऊ टाचण्यांची. पाच तारा ओळखून नवा जोड बसवून देणाऱ्या कारागिराला आम्ही शंका विचारली, की एवढ्या जुन्या यंत्राला हे नवे कसे पचेल? तो मान वर न करता म्हणाला, "सर, मशीनला काय कळतंय तारेत कोण बोलतंय ते? वेळेवर आठ आकडे आले की झालं."

यंत्र माणूस ओळखत नाही. ते फक्त ठरलेल्या वेळी ठरलेल्या क्रमाने उत्तर मागते. ते उत्तर जमिनीवर बसलेल्या मुलाकडून आले की खुर्चीतल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाकडून, तारेतून की हवेतून, त्याला फरक पडत नाही. आम्ही ज्याला तारेचा जिव्हाळा म्हणत होतो तो ज्यांचे गुडघे वळतात त्यांचा जिव्हाळा होता. त्या कोंडाळ्यात आजी कधीच नव्हती, हे आम्हांला तोवर आठवलेही नव्हते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत असे. तार तेथपर्यंतही पोहोचत नव्हती.

'टँक'मध्ये एक नियम आहे. सहकाऱ्याची गोळी आपल्याला लागली तर आपला रणगाडा मरत नाही. काही क्षण जागच्या जागी लुकलुकत राहतो, हलता येत नाही. पहिल्यांदा नातीची गोळी लागली तेव्हा आप्पा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माझ्यासारखाच की गं." ती म्हणाली, "थांबा आजोबा, सुटतो तो." खरोखरच सुटतो. त्यामुळे बोटे किती सुधारली याचा हिशेब आम्ही मांडणार नाही. तो आमचा प्रांत नव्हे. ते रोज अर्धा तास खेळतात, एवढे आम्ही पाहतो.

सगळेच हवेतून जुळते असेही नाही. त्या डब्यात एक प्लॅस्टिकची बंदूक होती. ती गोळी झाडत नसे. ती पाहत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपे. हे सारे जुन्या काचनळीच्या पडद्याच्या गतीवर बेतलेले. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उशिरा पोहोचते, म्हणून ती बंदूक कायमची आंधळी झाली. तारेला पर्याय मिळाला; उजेडाला मिळाला नाही.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायची, तेव्हा काय न्यायचे याची यादी चालू आहे. पुस्तकांबद्दल वाद नाही. ती ग्रंथालयांतही आहेत. या खेळांना ग्रंथालय नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी करून सांगितले की तेथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडच्या नकलांची मोजणी कोण करणार? एका पिढीच्या अनुभवविश्वाचा मोठा भाग ज्या वस्तूंनी घडवला, त्या ई-कचऱ्याच्या पिशवीत चालल्या आहेत, आणि त्या पिढीच्या साहित्यावर प्रबंध मात्र आम्ही लिहून घेतो आहोत. विद्यार्थ्यांनी निदान आपापल्या माळ्यांवरच्या वस्तूंची नावे, त्यांना घरात काय म्हणत, कोण कुठे बसे आणि कोण दारात उभे राही, एवढे लिहून ठेवावे.

आमच्या यादीत शोधनिबंधांचे सहा गठ्ठे रद्दीला आणि यंत्र नव्या घरी, असे ठरले आहे. निर्णय आप्पांचा. या वेळी कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नाही. पण पहिला 'रिमोट' त्यांच्या हातात आहे, आणि त्यावर थांबवण्याची कळ आहे.